मांडीतला सार्कोमा: ऑपरेशन आधी की रेडिएशन आधी?

मांडीत गाठ येते. दुखत नाही, म्हणून सहा-आठ महिने अंगावर काढली जाते. मग जवळचे सर्जन ‘चरबीची गाठ दिसतेय, अर्ध्या तासाचं काम’ असं म्हणून ती काढून टाकतात आणि पंधरवड्याने हातात पडलेल्या रिपोर्टवर ‘सार्कोमा’, म्हणजे स्नायू, चरबी, हाड अशा भागांतून उगवणारा कॅन्सर, असं लिहिलेलं असतं. तिथून रेडिएशनच्या ओपीडीत आलेल्या पेशंटचा प्रश्न ठरलेला असतो: ‘गाठ तर निघाली, आता शेक (म्हणजे रेडिएशन) किती घ्यायचे?’ पण याचं उत्तर ज्या माहितीवर अवलंबून असतं, ती तोवर बरीचशी पुसली गेलेली असते. गाठ नेमकी केवढी होती, कोणत्या स्नायूत होती, मुख्य मज्जातंतूला किंवा रक्तवाहिनीला किती खेटून होती, हे दाखवणारा एमआरआय कधी काढलेलाच नसतो.

या आजारात उपचार कोणते हे बहुतेकांना समजतं. चुकतो तो क्रम, आणि तो पहिल्या दोन पायऱ्यांवरच चुकतो. म्हणून खाली त्या दोन पायऱ्यांवर जरा जास्त वेळ घालवला आहे.

हे सगळं मोठ्या माणसांच्या हातापायांतल्या, त्यातही मांडीतल्या, सॉफ्ट टिश्यू, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ भागांतल्या, सार्कोमाबद्दल आहे. पोटात मागच्या बाजूला, मूत्रपिंडाजवळ होणाऱ्या सार्कोमाला हे नियम लावू नका. तिथे ऑपरेशनआधी रेडिएशन दिल्याने एकूण फायदा होतो का, हे युरोप आणि उत्तर अमेरिकेत २६६ रुग्णांवर तपासलं गेलं आणि २०२० साली आलेल्या निष्कर्षात तो सरसकट दिसला नाही. मुलांमधला रॅब्डोमायोसार्कोमा आणि युइंग सार्कोमा यांत केमोथेरपीपासून सुरुवात होते, त्यांचा मार्ग वेगळा.

१. गाठीला हात लावण्याआधी: एमआरआय

गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, म्हणजे ढोबळमानाने लिंबाहून मोठी असेल, खोल स्नायूत असेल, वाढत असेल किंवा एकदा काढून परत आली असेल, तर ती चरबीची आहे असं हाताने चाचपून कोणी ठरवू नये. यातली एक खूण असली तरी पुरे. ‘दुखत नाही म्हणजे साधी’ हा समज तर सोडूनच द्या. सार्कोमाच्या बऱ्याच गाठी सुरुवातीला दुखत नाहीत.

पहिली तपासणी म्हणजे त्या भागाचा कॉन्ट्रास्ट घालून केलेला एमआरआय, आणि तो बायोप्सीची सुई टोचण्याआधी. सुईनंतर आत रक्तस्राव होतो, भोवती सूज येते आणि मग चित्रात गाठ कुठे संपते नि सूज कुठे सुरू होते हे सांगणं अवघड जातं. पुढे रेडिएशनचं क्षेत्र आखताना हीच चित्रं लागणार आहेत. सोनोग्राफीवर भागवू नका. गाठ घट्ट आहे की पाण्याची, एवढं ती सांगेल. ऑपरेशनचा नकाशा ती देत नाही.

एमआरआयला जाण्याआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट जवळ ठेवा. अंगात पेसमेकर, जुनी प्लेट किंवा रॉड असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. फिल्मसोबत सीडी मागून घ्या. फिल्म पाहून मत देता येतं, पण रेडिएशनच्या कॉम्प्युटरवर घ्यायला सीडीच लागते.

थांबा: या काळात गाठीला मालीश, गरम पाण्याची पिशवी, लेप, जळवा, काहीही नको. ‘जरा पिळून पाहू, पाणी निघतंय का’ म्हणून सिरिंज घालू देऊ नका.

२. बायोप्सी: सुई कुठून जाते, याला महत्त्व आहे

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात.

एफएनएसी म्हणजे बारीक सुईने काढलेलं पाणी किंवा काही पेशी. सार्कोमाचा प्रकार आणि ग्रेड, म्हणजे तो किती आक्रमक आहे, हे ठरवायला ते सहसा अपुरं पडतं. लागते ती जाड सुईची, ट्रूकट बायोप्सी. तिच्यात पेन्सिलच्या शिशासारखे बारीक लांबट तुकडे निघतात. चार-पाच तुकडे घेतले की पॅथॉलॉजिस्टला नीट काम करता येतं. ती स्थानिक भुलीवर होते, सोनोग्राफी किंवा सीटीच्या आधाराने होते आणि पेशंट बहुधा त्याच दिवशी घरी जातो.

सुई ज्या वाटेने आत गेली, त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडलेल्या असू शकतात असं धरून चालतात. म्हणून ऑपरेशनच्या वेळी गाठीबरोबर ती वाट आणि वरची टोचल्याची खूण शक्यतो एकाच तुकड्यात काढायची असते. याचा अर्थ सुई कुठून घालायची हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने सांगायला हवं. मांडीच्या पुढच्या भागातल्या गाठीला कोणी सोयीचं वाटलं म्हणून बाजूने, मधल्या निरोगी स्नायूंतून सुई घातली, तर सर्जनला तो निरोगी भागही काढावा लागतो आणि रेडिएशनचं क्षेत्रही तेवढं वाढतं.

कधी सुईने निदान होत नाही आणि छेद देऊन तुकडा काढावा लागतो. तेव्हा छेद पायाच्या लांबीच्या दिशेने, उभा हवा. आडवा छेद दिसायला लहान वाटतो, पण पुढे तो काढायचा तर मांडीची मोठी रुंदी कापावी लागते. छोट्या आडव्या छेदामुळे पेशंटच्या वाट्याला त्वचारोपण आलेलं पाहिलं, की पहिल्या डॉक्टरला फोन करून विचारावंसं वाटतं, एवढी घाई कशाची होती?

तपासा: बायोप्सीआधी हे तीन प्रश्न विचारा. मुख्य ऑपरेशन कोण करणार? सुईची जागा त्यांनी दाखवली आहे का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या? पहिल्या प्रश्नालाच उत्तर मिळत नसेल, तर बायोप्सी तिथे करू नका. सार्कोमाचं काम नियमित होतं अशा केंद्रात आधी कागद दाखवा. चार-आठ दिवस उशीर झाला तरी चालेल; चुकीच्या जागी गेलेली सुई मागे घेता येत नाही.

३. ब्लॉक, स्लाईड, छातीचा सीटी

सार्कोमाचे पन्नासहून जास्त प्रकार आहेत आणि रोज तो न पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टची फसगत होऊ शकते. म्हणून दुसऱ्या केंद्रात जाताना केवळ रिपोर्टची झेरॉक्स नेऊ नका. मूळ लॅबमधून स्लाईड आणि पॅराफिन ब्लॉक, दोन्ही मागा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमचाच तुकडा. त्यातून नव्या चकत्या कापून आयएचसी (पेशींचा प्रकार ओळखण्यासाठी खास रंग देऊन केलेली तपासणी) आणि गरज पडल्यास जनुकीय तपासणी करतात. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवा. उन्हाळ्यात एसटीच्या खिडकीपाशी किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. ब्लॉक परत मिळतो, पोच घ्या.

सार्कोमा पसरला तर बहुतेकदा आधी फुप्फुसात जातो, म्हणून छातीचा सीटी. मिक्सॉइड लायपोसार्कोमा हा प्रकार मात्र मणक्यात किंवा पोटातही जातो. रिपोर्टवर हे नाव असेल तर मणक्याच्या एमआरआयबद्दल आपणहून विचारा. सायनोव्हियल, एपिथेलॉइड, क्लिअर सेल या प्रकारांत जांघेतल्या गाठी तपासायला सांगतात.

४. क्रम ठरवणारी बैठक

आता सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, केमोथेरपीचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात. मोठ्या रुग्णालयांत या बैठकीला ट्युमर बोर्ड किंवा जॉइंट क्लिनिक म्हणतात. ही बैठक ऑपरेशनच्या आधी व्हायला हवी. नंतर झालेल्या बैठकीत निस्तरण्याचंच काम उरतं.

सगळ्यांना रेडिएशन लागत नाही. गाठ लहान, वरच्या थरातली, कमी ग्रेडची आणि भोवतालच्या निरोगी कडेसह व्यवस्थित निघण्यासारखी असेल, तर एकटं ऑपरेशन पुरतं. खोल, पाच सेंटिमीटरच्या वरची, जास्त ग्रेडची गाठ असेल तर सहसा दोन्ही लागतात. मग प्रश्न राहतो आधी की नंतर.

ऑपरेशनआधी दिलं तर नेहमीचा डोस ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक), २५ भागांत, म्हणजे पाच आठवडे. गाठ जागेवर असते, त्यामुळे नेमकं लक्ष्य दिसतं आणि क्षेत्र लहान राहतं. ऑपरेशननंतर दिलं तर ६० ते ६६ ग्रे, ३० ते ३३ भागांत. शिवाय सर्जनचा हात जिथे जिथे फिरला तो सगळा भाग, पूर्ण व्रण आणि ड्रेनची (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची) जागा क्षेत्रात धरावी लागते.

कॅनडात १९० रुग्णांवर या दोन क्रमांची थेट तुलना झाली, तिचे पहिले निष्कर्ष २००२ साली आले. जखमेची मोठी गुंतागुंत आधी रेडिएशन घेतलेल्यांत ३५ टक्के आणि नंतर घेतलेल्यांत १७ टक्के. आजार आटोक्यात राहण्यात मात्र फरक नव्हता. पुढे दोन वर्षांनी पाहिलं, तेव्हा स्नायू-त्वचा कडक होण्याचा त्रास नंतर घेतलेल्यांत जास्त होता. थोडक्यात, आधी घेतलं तर जखमेचा त्रास जास्त, पण तो काही महिन्यांत निपटता येतो. नंतर घेतलं तर पायाचा कडकपणा जास्त, आणि तो जन्माचा सोबती. म्हणून बरीच केंद्रं आता आधी देणं पसंत करतात आणि मलाही तेच पटतं. अपवाद आहेत: गाठ फुटून रक्त येतंय, त्वचा आधीच चिघळली आहे, किंवा मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचा आजार इतका आहे की जखम भरण्याचीच शाश्वती नाही. अशा वेळी आधी ऑपरेशनच सोयीचं.

काही ठिकाणी तिसरा पर्यायही देतात: ब्रॅकीथेरपी. ऑपरेशनच्या टेबलवरच गाठीच्या जागेत बारीक नळ्या ठेवतात आणि जखम थोडी सावरल्यावर, साधारण पाच-सहा दिवसांनी, त्यांतून रेडिएशन देतात. मुंबईत टाटा मेमोरियलला याचा जुना अनुभव आहे. पण ऑपरेशनआधीच ठरलेलं असेल तरच हे जमतं.

थांबा: ‘आधी रेडिएशन घेऊन बघू, गाठ विरघळली तर ऑपरेशन टळेल’ हा विचार घेऊन सुरुवात करू नका. इथे रेडिएशन कडेच्या पेशी निष्प्रभ करण्यासाठी आहे, म्हणजे सर्जनला मज्जातंतू किंवा रक्तवाहिनी वाचवून तिच्या अगदी जवळून गाठ काढता येईल. ऑपरेशन ठरलेलंच आहे.

५. घरची आणि शरीराची तयारी

बैठक आणि रेडिएशन यांच्यात आठ-पंधरा दिवस मिळतात. ते वाया घालवू नका.

तंबाखू, मशेरी, विडी आजपासून बंद. जखम न भरण्यामागचं हे असं कारण आहे, जे फक्त पेशंटच्या हातात असतं. मधुमेह असेल तर एचबीए१सी करून घ्या आणि साखर आताच आवाक्यात आणा; ऑपरेशनच्या आदल्या दिवशी इन्सुलिन टोचून तीन महिन्यांची साखर खाली येत नाही. हिमोग्लोबिन तपासा. ताटात डाळ, अंडी, दूध, मासे वाढवा. ‘जखमेला अंडं बाधतं, आंबट बाधतं’ ही पथ्यं घरातल्या मोठ्यांना हात जोडून बाजूला ठेवायला सांगा. जखम भरायला प्रथिनं लागतात.

गाठ मांडीच्या वरच्या भागात असेल आणि पुढे मूल हवं असेल, तर हे पहिल्याच भेटीत बोला. विखुरलेलं रेडिएशन वृषणांपर्यंत किंवा बीजांडकोशांपर्यंत पोहोचू शकतं. पुरुषांना वीर्य साठवून ठेवता येतं, पण रेडिएशन किंवा केमो सुरू होण्याआधीच. लग्न न झालेला तरुण पोरगा आईवडिलांसमोर हे विचारत नाही. डॉक्टरांनी एकट्याला बसवून विचारलं नाही, तर घरातल्या कोणीतरी आठवण करावी.

पैशाचं: महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत यांत बसत असाल, तर रेशनकार्ड, आधारकार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आताच भेटा. रेडिएशन आणि ऑपरेशन दोन्हींची मंजुरी कशी आणि कधी घ्यायची ते तिथेच समजून घ्या, म्हणजे मधल्या टप्प्यावर फाईल अडकणार नाही. रेल्वेने ये-जा असेल तर कॅन्सर रुग्णाच्या आणि सोबत्याच्या सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून भरून मिळतो. मुंबईत पाच आठवडे राहायची सोय हा वेगळाच डोंगर. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा जागांसाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात चौकशी करा, तीही पहिल्या आठवड्यात.

६. प्लॅनिंगचा दिवस

या दिवशी उपचार होत नाही, मोजमाप होतं. पाय ज्या स्थितीत ठेवला जाईल, रोज त्याच स्थितीत ठेवायचा असतो; म्हणून पायाखाली एक पिशवी ठेवून तिच्यातली हवा काढतात आणि ती पायाच्या आकाराचा कडक साचा होऊन बसते. दुसरा पाय बाजूला किंवा वर उचलून ठेवतात, किरणांच्या वाटेत येऊ नये म्हणून. त्याच स्थितीत सीटी होतो. कातडीवर दोन-तीन बारीक ठिपके गोंदतात किंवा शाईच्या रेघा ओढतात.

स्थिती अवघड वाटत असेल, गुडघा भरून येत असेल, तर त्याच क्षणी बोला. ‘जाऊ दे, पाच मिनिटांचं तर आहे’ म्हणून गप्प राहिलात, तर पुढे रोज तसंच झोपायचं आहे आणि हललात तर नेम चुकणार. लुंगी किंवा सैल हाफ पँट नेसून या.

मग डॉक्टर आणि फिजिसिस्ट (डोसचा हिशेब मांडणारे तज्ज्ञ) आराखडा करतात. त्याला काही दिवस लागतात. ‘मशीन रिकामं दिसतंय तरी बोलावत नाहीत’ असा राग धरू नका. या काळात डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी अशा:

मांडीच्या पूर्ण घेराला रेडिएशन जातंय, की एका बाजूची कातडी आणि चरबीची पट्टी वाचवली आहे? ती पट्टी वाचली नाही, तर खालच्या पायाचा निचरा तुंबून तो कायमचा सुजतो.

मांडीच्या हाडाला किती डोस बसतोय? हाडाच्या पूर्ण घेराला ५० ग्रे बसू नये, आणि हाडाला बसणारा सरासरी डोस ३७ ग्रेच्या खाली ठेवला तर पुढे हाड मोडण्याचा धोका कमी होतो. मांडीच्या गाठीत हे नेहमी जमतंच असं नाही, पण प्रयत्न झालेला असावा.

गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा किती येतो? एमआरआयची सीडी आराखड्यात घेतली का?

मिक्सॉइड लायपोसार्कोमा रेडिएशनला चांगली दाद देतो. नेदरलँड्समधल्या केंद्रांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात ३६ ग्रे, १८ भागांत देऊनही चांगला परिणाम दिसला, म्हणून या प्रकारात कमी डोसचा विचार होऊ शकतो. इतर प्रकारांना हा हिशेब लावू नका.

७. पाच आठवडे

सोमवार ते शुक्रवार, रोज एकदा. टेबलवर दहा-पंधरा मिनिटं जातात, त्यात प्रत्यक्ष किरण काहीच मिनिटं. गरम लागत नाही, दुखत नाही, अंगात काही उरत नाही. घरी जाऊन नातवंडाला मांडीवर घ्यायला हरकत नाही, दुसरी मांडी असली म्हणजे झालं.

सुट्ट्या घेऊ नका. गणपती, लग्न, पेरणी, सगळं मान्य, पण सलग चार दिवस बुडाले तर उपचाराचा हिशेब बिघडतो. मशीन बंद पडलं तर तो दिवस कसा भरून काढणार, हे डॉक्टर सांगतील.

कातडीची निगा अशी: कोमट पाणी, साधा साबण, टॉवेलने टिपणं, घासणं नाही. तेल, हळद, बाम, पावडर, कोरफडीचा घरचा गर नको. डॉक्टरांनी मलम दिलं असेल तर ते रेडिएशननंतर लावा; टेबलवर जाताना त्या जागी मलमाचा जाड थर नसावा. ब्लेडने केस काढू नका. शाईच्या रेघा पुसट झाल्या तर घरी स्केचपेनाने स्वतः ओढू नका. हे खरंच घडतं, आणि एक सेंटिमीटर सरकलेली रेघ रोजच्या तपासणीत सगळ्यांना घाम फोडते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कातडी लाल-काळसर होते. जांघेच्या घडीत सोलवटते. तिथे सुती कापड, हवा आणि डॉक्टरांचा सल्ला.

चालत राहा. घोटा वर-खाली, गुडघा सरळ-वाकवा, फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम रोज. पिंढरी एकदम सुजली, दुखू लागली, किंवा दम लागला तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा; रक्ताची गुठळी असू शकते.

तपासा: मधल्या आठवड्यांत गाठ तेवढीच राहिली किंवा किंचित मोठी वाटली तर घाबरू नका. आत पेशी मरतात, द्रव साचतो, सूज येते. पण ताणून दुखू लागली, कातडी चकाकू लागली, झपाट्याने वाढतेय असं वाटलं, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

८. मधले चार ते सहा आठवडे

रेडिएशन संपल्यावर लगेच ऑपरेशन करत नाहीत. कातडीची जळजळ निवायला साधारण चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. फार लवकर केलं तर जखम उसवते. फार लांबवलं तर आतले थर कडक होऊन सर्जनचं काम अवघड होतं.

इथली चूक वेगळ्याच प्रकारची असते. कातडी बरी होते, पेशंटला बरं वाटतं, गावाकडची कामं खोळंबलेली असतात आणि तो दोन-तीन महिने फिरकतच नाही. म्हणून ऑपरेशनची तारीख रेडिएशन सुरू होतानाच घ्या. मोठ्या रुग्णालयांत ती मागेपुढे होते, पण नाव यादीत असलं पाहिजे. ऑपरेशनआधी एमआरआय आणि छातीची तपासणी पुन्हा होईल. जखम मोठी होणार असेल तर प्लास्टिक सर्जनची भेटही याच काळात घ्या. जिथे रेडिएशन गेलेलं नाही अशा भागातला स्नायू-त्वचेचा तुकडा आणून जखम झाकली, तर ती भरायला मदत होते.

९. ऑपरेशन आणि जखम

सर्जन गाठ सोलून काढत नाहीत, तिच्याभोवती निरोगी कडा ठेवून काढतात. टोचल्याची जुनी खूण त्यात येते. ड्रेनची नळी छेदाच्या जवळ आणि त्याच ओळीत बाहेर काढायची असते, कारण पुढे रेडिएशन लागलंच तर लांब काढलेल्या नळीची जागाही क्षेत्रात ओढावी लागते.

घरी जाताना ड्रेन असेल तर बाटलीतलं पाणी मोजायला शिका. रोज एकाच वेळी मोजा. तारीख, मिलिलिटर आणि रंग वहीत लिहा. पाणी कमी झालं म्हणून स्वतः किंवा गावातल्या कंपाउंडरकडून नळी काढू नका. टाकेही नेहमीच्या दहा दिवसांत काढायची घाई नको. रेडिएशन झालेली कातडी सावकाश जुळते.

थांबा: ताप, टाक्यांमधून पू किंवा वास, कडा काळ्या पडणं, ड्रेनमध्ये अचानक लाल रक्त, पाऊल बधिर होणं किंवा वर न उचलता येणं, यातलं काहीही दिसलं तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच गाठा. बाहेरच्या डॉक्टरांनी टाके उघडून जखम ‘साफ’ केली की पुढचे महिने ड्रेसिंगमध्ये जातात.

१०. रिपोर्ट, आणि जादा डोसचा प्रश्न

रिपोर्टमध्ये कडांपाशी पेशी आहेत का, हे पाहा. कडा मोकळ्या असतील आणि रेडिएशन आधी झालं असेल, तर रेडिएशनचं काम संपलं. कडेला सूक्ष्म पेशी आढळल्या तर पूर्वी १६ ग्रेच्या आसपास जादा डोस देत असत. त्याचा फायदा ठोस सिद्ध झालेला नाही आणि आधीच रेडिएशन झालेल्या जागेवर तो भार ठरतो. पुन्हा ऑपरेशन, जादा डोस की नुसती नजर, हे परत बैठकीतच ठरू द्या.

रेडिएशन ऑपरेशननंतर घ्यायचं ठरलं असेल, तर जखम पूर्ण भरल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी सुरुवात होते. टाके ओले असताना घाई नको, आणि जखम भरूनही ‘बघू पुढच्या महिन्यात’ नको. प्लॅनिंग आणि निगा वरच्यासारखीच. फक्त आठवडे सहा-साडेसहा. केमोथेरपी लागणार असेल तर डॉक्सोरुबिसिन हे औषध सहसा रेडिएशनच्या दिवसांत एकत्र देत नाहीत, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या तारखा माहीत असू द्या.

गाठ आधीच काढून झाली असेल तर

पहिल्याच परिच्छेदातला पेशंट तुम्हीच असाल, तर थेट शेक घ्यायला जाऊ नका. आधी ऑपरेशनची नोंद, म्हणजे ओटी नोट्स, मिळवा: गाठ अख्खी निघाली की तुकड्यांत, कोणत्या थरातून, ड्रेन कुठे होता. ब्लॉक आणि स्लाईड घ्या. जुन्या सोनोग्राफीची फिल्मही फेकू नका. गाठीचा एखादा जुना फोटो मोबाइलमध्ये असेल तर तोही कामाचा. मग त्या जागेचा एमआरआय आणि छातीचा सीटी.

अशा ऑपरेशननंतर जागेवर गाठीच्या पेशी राहिलेल्या असण्याची शक्यता बरीच असते, आणि ‘सगळं निघालंय’ हे पहिल्या सर्जनचं म्हणणं त्यांच्या डोळ्यांना दिसलं तेवढ्यापुरतंच असतं. बऱ्याचदा जुन्या व्रणासह ती जागा पुन्हा काढावी लागते. रेडिएशन त्याच्या आधी की नंतर, हे चौथ्या पायरीवरच्या बैठकीत ठरतं. नुसतं रेडिएशन देऊन दुसरं ऑपरेशन टाळण्याचा मोह पेशंटला होतो, कधी डॉक्टरांनाही. ऑपरेशन शक्य असताना तो मार्ग धरू नका.

पुढची वर्षं

पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा: पायाची तपासणी आणि छातीचा एक्स-रे किंवा सीटी. पाय उत्तम आहे म्हणून छातीची तपासणी चुकवणारे फार. फुप्फुसातली एखादी छोटी गाठ वेळेत सापडली तर तीही काढता येते.

पाय सुजत असेल तर जखम पूर्ण भरल्यावर मापाचे दाबमोजे घ्या. मेडिकलमधून अंदाजाने आणलेले वरच्या कडेला रुततात आणि सूज वाढवतात. व्यायाम वर्षभर तरी सोडू नका, आखडलेला गुडघा दोन वर्षांनी मोकळा होत नाही.

रेडिएशन झालेल्या मांडीचं हाड काही वर्षांनी थोड्याशा धक्क्यानेही मोडू शकतं, विशेषतः उतारवयातल्या बायकांमध्ये आणि ऑपरेशनमध्ये हाडावरचं आवरण काढलं असेल तर. चालताना मांडीत किंवा जांघेत नवं दुखणं सुरू झालं तर त्याला संधिवात समजून तेल चोळत बसू नका, आधी एक्स-रे काढा. आणि हाडांच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की इथे रेडिएशन झालंय: किती ग्रे, कोणत्या वर्षी. त्यासाठी उपचार संपल्यावर मिळणारं रेडिएशनचं समरी कार्ड लॅमिनेट करून ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या.